वैशालीचा डोळा आणि माझी जीभ

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तपासता तपासता थांबल्या. "सकाळी उठल्यावर कंबर आखडते का?"

माझ्या सुनेनं, वैशालीनं, आधी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "हो. दोन वर्षं झाली."

डोळ्याच्या दवाखान्यात कमरेची चौकशी कशाला, मला कळेना. डॉक्टर म्हणाल्या, "हा युव्हिआयटिस आहे." म्हणजे डोळ्याच्या आतल्या भागाला आलेली सूज. "कधीकधी आजार शरीरात दुसरीकडे असतो आणि आधी डोळ्यात दिसतो."

डोळा लाल होण्याची ही दुसरी खेप. पहिल्या वेळी मी माझ्याकडचे उरलेले थेंब घातले होते. या वेळी तिला उजेड सहन होईना, तरी आठ दिवस मी "मोबाईल कमी बघ" एवढंच म्हणत राहिले.

रक्ताची तपासणी झाली. कमरेखालच्या सांध्यांचा एमआरआय झाला. मग धुळ्याहून जळगावला संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेलो. बाकावर तीन तास बसून वैशाली उठली, ती भिंतीला धरून. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते, पाठीचा कणा ताठ होत जातो.

"यात पडून राहिलं की दुखतं, हालचाल केली की बरं वाटतं," डॉक्टर म्हणाले.

मी खाली बघितलं. कामाला लागली की हिची कंबर दुखायची थांबते, म्हणजे दुखणं खोटं, असं मी देवपूरच्या आमच्या गल्लीत चार बायकांना हसून सांगितलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या थेंबांनी डोळा निवळला, नजर वाचली. गोळ्या आणि व्यायाम मात्र कायमचे. मी माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "आई, मलाही वाटायचं, मीच आळशी आहे." ते ऐकून मला जास्त लाज वाटली.

तुमच्या घरात कुणाचा डोळा पुन्हा पुन्हा लाल होत असेल आणि सकाळी अंग आखडत असेल, तर घरचे थेंब घालू नका. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा.

एक काम उरलं होतं. पहूरला तिच्या आईकडे मी फोनवर अनेकदा तक्रार केली होती, तुमची मुलगी सातपर्यंत लोळते म्हणून. मी फोन लावला, सगळं सांगितलं.

मग त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं ऐकून मीबी तिलेच बोलत होते हो."