शंकरच्या हातात करवंटी

गल्लीतल्या बायांनो, देवळात हा कागद लावतेय. जिला वाचता येतं तिनं बाकीच्यांना वाचून दाखवावा. अक्षर वाकडं हाय, बोलणं सरळ हाय.

माझा पुतण्या शंकर लढाईत पाय गमावून आला, तेव्हा ह्याच गल्लीनं त्याला हार घातले. आता त्याच्या गालात कॅन्सर निघालाय. डॉक्टर म्हणाला, मिरजेला न्या, आणि हा रोग दुसऱ्याला लागत न्हाय.

आज शेजारच्या बारशात सगळ्यांना कपातून चहा, शंकरला तेवढा करवंटीत. बाळाच्या घरात रोग नको, म्हणे. एक घोट घेऊन त्यानं करवंटी खाली ठेवली.

"काकी, मिरज नको. घरीच मरतो."

मी करवंटी उचलली नि त्याचा उष्टा चहा सगळा पिऊन टाकला. बाळाची आजी म्हणाली, "आक्का, तोंड सडंल की गं."

शंकर म्हणाला, "हिच्या तोंडाला रोगबी भितोय." लई दिवसांनी हसला. मग म्हणाला, "चल, जाऊ मिरजेला."

उद्या सकाळी त्याला रेल्वेत चढवायला दोघं लागतील. एक मी हाय. हार घालायला गर्दी केलीसा, आता दुसरं कोण येतंय?