मंदाच्या मॉनिटरवरचं कुंकू

मंडळी, अमानवीय अनुभवांचा हा धागा मी नेहमी वाचते, लिहिते मात्र पहिल्यांदाच. आधीच सांगते, मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी करते. वायर, पोर्ट, ड्रायव्हर, सेटिंग... बिघाड असला की त्याला कारण असतंच, हे माझं रोजचं काम. आमच्याकडे कुणाला झपाटलं, कुणाच्या अंगात आलं असं कानावर आलं की मी उठून भाजी फोडणीला टाकते. म्हणून हे लिहायला वर्ष घालवलं. घरच्यांना दोनदा विचारलं, लिहू का? ते म्हणाले, लिही बाई, तुला तरी मोकळं वाटेल.

आम्ही नाशिकचे, मखमलाबादच्या बाजूला मळ्यात राहतो. आमचे हे आणि धाकटे भाऊजी मिळून झेंडू आणि शेवंती करतात, फुलबाजारात नेतात. घर दुमजली. खाली आम्ही, वर भाऊजी आणि माझी जाऊ मंदा. ती कळवणकडची. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूलबाळ नाही. माझा एकुलता एक केतन तिच्याच मांडीवर वाढला, कारण मी सकाळी आठला स्कूटर काढायची ती संध्याकाळी यायची. त्याला भरवायची ती, न्हाऊ घालायची ती. तो तिला काकू म्हणत नाही, छोटी आई म्हणतो. लहानपणी सगळे कौतुकाने हसायचे. मीही हसायचे, पण आतून जळायचे. हो, जळायचे! इथे नाव दिलेलं नाही, तेव्हा खोटं कशाला बोलू?

केतन जर्मनीला नोकरीला गेला आणि हे दुखणं वाढलं. मला बुधवारी फोन. जेवलास का, थंडी आहे का, हो, नाही, ठेवतो. वर मंदाकडे ब्रॉडबँड, तेव्हा रविवारी दुपारी मेसेंजरवर तासभर गप्पा तिच्याशी. खाली माझ्याकडे जुना जाडजूड पंधरा इंची मॉनिटर, त्यालाही नेट नाही. सगळ्या कॉलेजचे कॉम्प्युटर मी सुरू करून देते आणि माझ्या घरात नेट नाही... ह्यांना सांगून सांगून तोंड दुखलं. हे म्हणायचे, वर आहे ना, जा की वर. माझ्याच मुलाला बघायला मी दुसरीच्या खोलीत परवानगी काढून जाऊ? नाही गेले.

त्या वर्षी दसऱ्याला झेंडूला भाव चांगला लागला. भाऊजींनी दसऱ्याच्याच मुहूर्तावर मंदासाठी बावीस इंची वाइडस्क्रीन मॉनिटर आणला. काळा, चकचकीत, आणि वरच्या पट्टीत वेबकॅम बसवलेला. तेव्हा असले मॉनिटर नवे होते, आमच्या लॅबमध्येही एक नव्हता. मंदाने त्याची पूजा केली, हार घातला, हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले. पेढा द्यायला खाली आली तेव्हा म्हणाली, "ताई, आता केतनला मी दिसन. इतके दिवस त्यो मला दिसायचा, मी त्याला नाय." मी तो पेढा न खाता ताटलीत ठेवून दिला.

दुसऱ्याच दिवशी ती परत खाली. चित्रच येत नाही म्हणे, वर येता का? गेले. घरात कॉम्प्युटर बिघडला की मीच लागते ना! बघते तर मॉनिटरची यूएसबी केबल खोक्यात थर्माकोलखाली तशीच पडलेली. ती सीपीयूला जोडली. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह. सीडीतला ड्रायव्हर नव्या विंडोजचा आणि मंदाकडे जुनी. कंपनीच्या साइटवरून जुना ड्रायव्हर शोधून काढला, आधीचा अनइन्स्टॉल केला, रीस्टार्ट केलं, नवा टाकला. उद्गारचिन्ह गेलं. कॅमेऱ्याचा दिवाही लागला. पण चित्राच्या चौकोनात नुसता अंधार, जरा लालसर. पुन्हा काढला, पुन्हा टाकला. तेच! आठवड्यात दोन-तीन संध्याकाळी मी त्यावर बसले. कुणी म्हणेल, हिनेच मुद्दाम बिघडवून ठेवला असेल. तर नाही. कामात मी लबाडी करत नाही. मात्र चित्र येईना म्हणून मला फार दुःख झालं असंही नाही.

असे तीन रविवार गेले. मंदा तरीही तासभर बोलायची. तिला केतन दिसायचा, तिची खिडकी काळी. ती मला सांगायची की तो म्हणतो, चित्र छान येतंय, पण ते माझं मन राखायला. मला आणखी राग यायचा. बघा, तिचं मन राखायला तो खोटंसुद्धा बोलतो. मला काय, जेवलीस का आणि ठेवतो.

ते रविवार मी कसे काढले ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. हे आणि भाऊजी मळ्यात. मी खालच्या खोलीत पलंगावर बसायचे, काहीतरी निवडत. बरोब्बर माझ्या डोक्यावर मंदाची खोली. तिचा शब्द कळत नसे, पण हसणं ऐकू यायचं. ती हसली की मी वर बघायचे, छताकडे. पंखा, पांढरा स्लॅब, बस. तिसऱ्या रविवारी मेथी निवडत होते आणि ती इतकी हसली, इतकी हसली की मला रडूच आलं. माझ्या पोराने तिला काय एवढं सांगितलं? मेथी मांडीवर तशीच ठेवून मी पदराने डोळे पुसले. खोलीत कुणी नव्हतं. मी कुणाला बोलले नाही. ह्यांनाही नाही.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला मंदा ताट घेऊन घरभर फिरत होती. कपाटाला कुंकू, शिलाई मशीनला कुंकू, आणि मग मॉनिटर. मी दारात उभी होते. तिने बोट कुंकवात बुडवलं आणि नेम धरल्यासारखं वरच्या पट्टीच्या मधोमध नेलं. माणसाला आपण कपाळी लावतो ना, तसं.

मी ओरडलेच, "मंदा, थांब!"

तिथेच तर कॅमेरा होता! दसऱ्याला तिने ओलं कुंकू बरोबर त्याच्यावर टेकवलं होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी चकचकीत राहावी म्हणून फडक्याने पुसली, पण कॅमेऱ्याच्या खोलगट भोकात होतं ते तिथेच वाळून काळपट झालं. शेजारी आणखी एक बारीक भोक होतं, ते माइकचं. बिल्ट-इन कॅमेरा मी कधी पाहिलेला नव्हता, मी त्यालाच कॅमेरा समजत होते. आणि डोक्यात आपलं ड्रायव्हर, ड्रायव्हर! पदराचं टोक ओलं करून मी ते भोक पुसलं. पदराला लाल डाग पडला आणि स्क्रीनवर मंदा, हातात ताट, तोंड उघडं. आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो. त्या घरात आम्ही दोघी अशा शेवटच्या कधी हसलो होतो, मला आठवत नाही.

इथवर काहीच अमानवीय नाही, हे मलाही कळतं.

पुढच्या रविवारी मंदाने हट्टच धरला, आज तुम्ही पण बसा. बसले. तिने नवी साडी नेसली होती, पावडर लावली होती. केतन आला आणि म्हणाला, "अरे वा, आज छोटी आई दिसली एकदाची!"

मंदा म्हणाली, आज दिसणारच, कॅमेरा आत्ता चालू झालाय. तो म्हणाला, छे, चालू तर दसऱ्यापासूनच आहे. मी त्याला कुंकवाचं सांगितलं. त्याला ते पटेना. म्हणाला, "पण आई, मला तर तू दिसायचीस ना."

मी म्हटलं, मी कशी दिसेन? मी तर खाली असायचे.

"हो, खालच्याच खोलीत. पलंगावर. मला वाटलं कॅमेरा वर माळ्यावर लावलाय, कारण तुझा भांग दिसायचा. आवाज छोटी आईचा आणि दिसायचीस तू. मला वाटलं ती बाजूला बसत असेल, आणि तुमचं काहीतरी बिनसलंय म्हणून तू गप्प आहेस."

मी विचारलं, काय करत होते मी? तो म्हणाला, कधी तांदूळ, कधी मेथी. मग जरा चाचरत म्हणाला, "आई, त्या मेथीच्या दिवशी तू रडलीस ना? आणि मग वर बघितलंस. सरळ माझ्याकडे. मी हात केला, तर तू ओळखच दाखवली नाहीस."

खालच्या खोलीत कॅमेरा नव्हता, कधीच नव्हता. कुणाला मोबाइलवर टिपायचं म्हटलं तरी स्लॅबमधून टिपणार? आणि वरचा कॅमेरा तर कुंकवाने बुजलेला.

पण खरं सांगू? भीती नंतर वाटली. आधी आनंद झाला. तिच्याशी बोलताना, तिच्या मॉनिटरच्या कॅमेऱ्यातून, तासन् तास माझा मुलगा मला बघत होता! हे कळल्यावर माझ्या छातीतला दगड उतरला. तो असा उतरला की मी मंदाकडे बघायचं विसरले.

कॉल संपला. ती स्क्रीनकडे बघत बसलेली, पावडर घामाने ओघळलेली. म्हणाली, "त्यो मला विचारायचा, आई गप्प का? म्या म्हनायची, ती खाली हाय, कामात हाय. तुम्हाला म्या सांगितलंच नाय, म्हनलं तेवढा एक तास तरी माझा राहू दे." मग डोळ्यांना पदर लावला. "त्यातबी म्या नव्हतेच, ताई."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला नाही, एवढंच.

त्यानंतर मी सगळं तपासलं. ड्रायव्हर, सेटिंग, कुठे जुना फोटो सेव्ह झालाय का, काहीच नाही. ज्या दुकानातून मॉनिटर आणला तिथल्या मुलाने आधी ऐकून घेतलं आणि मग मला पाणी विचारलं. केतनला शपथ घालून विचारलं, तू आमच्यात समेट करायला हे रचलंस का? तो चिडला. आणि मेथीचं त्याला कोण सांगणार? कुंकू लावून पुन्हा बघावं असंही मनात आलं, पण मंदाच्या देखत ते कसं करू?

आता दर रविवारी आम्ही दोघी बसतो. हॅलोच्या आधी मंदा विचारते, "बाळा, कोन दिसतंय रे?" तो म्हणतो, तू दिसतेस छोटी आई, आणि बाजूला आई. मग ती बोलायला लागते आणि बोलतच राहते, तो हसतो, आणि मी शेजारी बसून ऐकते. तो बघतो तिच्याचकडे.

कशामुळे झालं ते मला आजही माहीत नाही, कुणाला माहीत असेल तर सांगा. पण एक मात्र खरं... रविवारी दुपारी मंदा हसते तेव्हा राहून राहून वाटतं, ते कुंकू मी पुसायलाच नको होतं.