पोरगी झोपली तर स्पीकर राहतील

आमच्या गॅरेजात बिस्किटाचा एक जुना डबा आहे. गाडी खोलली, पुन्हा जोडली, की एखादा नट उरतोच. तो त्या डब्यात जातो. कोणत्या गाडीचा ते कोणालाच आठवत नाही, पण फेकतही कोणी नाही. गॅरेजातल्या किश्श्यांचंही तसंच आहे. कामाचा एकही नाही आणि डबा भरत चाललाय!

यातले हे सगळे एका स्पीकरच्या जोडीचे.

गॅरेज म्हणजे आमच्या घुग्घुसच्या घराचीच पुढची खोली. मागच्या खोलीत पाळणा. मधे एका विटेची भिंत. पाळण्यात आमची आरोही, सात महिन्यांची. जन्मली तेव्हा वजन कमी होतं. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "दूध आणि झोप, दोन्ही भरपूर पाहिजे." दुधाचं माझ्या हातात होतं. झोपेसाठी मी घड्याळ बघत राहायची. झोपली की श्वास चालू आहे ना, म्हणून नाकाजवळ बोट धरायची. मग ती उठायची!

\* \* \*

आमचे हे, म्हणजे प्रवीण, गाण्याशिवाय हातात पाना धरत नाहीत. आधी मोबाईल लावून स्टीलच्या गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, ठेवायचे. गंजात आवाज मोठा होतो. एका सकाळी तो गंज गॅरेजच्या ओट्यावर होता. दूधवाल्याला वाटलं, रोजच्यासारखा दुधासाठीच ठेवला आहे. त्याने न बघता माप ओतलं.

मग मला हाक मारली, "वहिनी, आज दूध गाऊन राह्यलं!"

मोबाईल तांदळाच्या डब्यात दोन दिवस होता, वाचला. पण यांनी त्याच दिवशी ठरवलं की गॅरेजात सिस्टिम बसवायची. मी म्हटलं, "आणा. पण पोरगी झोपली तर स्पीकर राहतील. नाई झोपली तर परत."

"कबूल," म्हणाले.

दुसरी परवानगी युसूफचाचांची लागत होती. चाचा यांचे उस्ताद. गुडघे गेल्यापासून त्यांनी स्वतःचं गॅरेज बंद केलं आणि रोज आमच्याकडे स्टुलावर येऊन बसतात. पेचकसचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक इंजिनला लावायचं, मूठ कानाला लावायची, आणि आतलं दुखणं सांगायचं, हा त्यांचा हातखंडा. त्यांना विचारल्याशिवाय हे साधा जॅक घेत नाहीत.

चाचा म्हणाले, "डब्यातला आवाज झूटा असते बे परवीन. खरा आवाज इंजिनचा."

म्हणजे दोघांचं मन राखायचं होतं. एक सत्तरीचे, एक सात महिन्यांची!

\* \* \*

पहिला सल्ला गजूभाऊंचा. गजूभाऊ कोळशाच्या खाणीत आहेत. शिफ्ट सुटली की घरी जायच्या आधी आमच्याकडे चहा. त्यांनी ओळखीच्या डीजेवाल्याकडून दोन मोठे बॉक्स ट्रायलला आणले. माझ्या उंचीचे होते. मी पोरीला घेऊन शेजारी जाऊन बसले.

बटण दाबलं तसे डब्यातले नट नाचायला लागले. भिंतीचं प्लास्टर वरणात पडलं. स्टँडवरची एक गाडी आपोआप सरकत दारापर्यंत गेली.

सासूबाई दुपारच्या झोपेतून उठून, पदर नीट करून बाहेर आल्या. "गजानन, लग्न कोनाचं हाय?"

\* \* \*

मग चंद्रपूरला दुकानात गेलो. हे, गजूभाऊ, चाचा, मी आणि पोरगी. यांनी व्हिडिओत बघून ठेवलं होतं की लहान जागेत बुकशेल्फ स्पीकर चांगले. म्हणजे दोन लहान खोकी, पुस्तकांच्या मांडणीवर मावतील एवढी.

दुकानातला सेल्समन बिचारा सभ्य. म्हणाला, "पुस्तकांची मांडणी आहे ना घरी?"

हे म्हणाले, "मांडणी हाय. पिस्टन ठेवतो तिच्यावर."

"चालेल सर. फक्त पिस्टन काढून ठेवा."

गजूभाऊंनी एकेक स्पीकर उचलून वजन बघितलं, भाजी बाजारात फणस बघतात तसं. मग हळूच विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देते?"

यांनी ऐकण्यासाठी खुर्ची घेतली नाही. सरळ फरशीवर मांडी घातली. सेल्समन म्हणाला, "सर, बसा ना वर."

"मी गॅरेजात वर बसतो का? गाडीपाशी खालीच असतो. कान जिथी राह्यल, तिथूनच ऐकीन ना!"

यावर सेल्समन एकदम खुश झाला. म्हणे, बारीक आवाजाचा जो वरचा लहान गोल असतो, तो कानाच्याच उंचीवर पाहिजे, पण हे कोणत्याच गिऱ्हाइकाला पटत नाही. त्याने स्पीकर खाली घेतले आणि तोही शेजारी फरशीवर बसला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, पंगत बसली आहे!

तेवढ्यात चाचांनी खिशातून पेचकस काढला. टोक स्पीकरच्या खोक्याला लावलं, मूठ कानाला, डोळे मिटले.

सेल्समन म्हणाला, "चाचा, असं नाही करावं लागत. आवाज बाहेर येतो."

चाचांनी डोळे उघडले नाहीत. "बाहेरचा तर सगळ्याइलेच ऐकू येते."

पहिली जोडी त्यांनी नापास केली. खोकं आतून थरथरतं म्हणाले. सेल्समनने मान डोलावली, ती खरंच पातळ लाकडाची होती. दुसऱ्या जोडीवर पेचकस बराच वेळ राहिला. "हे ठीक हाय," चाचा म्हणाले. "पण झूटा तो झूटाच."

या सगळ्यात मी काचेच्या दारातून आतबाहेर करत होते. रस्त्यावर ट्रक, हॉर्न, तरी आरोही माझ्या खांद्यावर गाढ झोपलेली. दुकानातल्या एसीत, शांततेत नेलं की टक्क जागी आणि रडणं सुरू. मला वाटलं, एसीनेच! तिला दोन टोपरी घातली.

निघताना सेल्समन म्हणाला, "आठ दिवसांत परत आणले तर घेऊ. खोका तेवढा फाडू नका."

\* \* \*

स्पीकर बसवायचे म्हणजे भिंतीत खिळे, ड्रिल. मी पोरीला घेऊन दोन दिवस पोंभुर्ण्याला माहेरी गेले. म्हटलं, तिथे तरी शांत झोपेल.

दुपारी तिथे इतकी शांतता असते की मागच्या झाडावरून मोहाचं फूल पडलं तरी कळतं. आरोही डोळे उघडे ठेवून फूल पडायची वाट बघत होती जणू! एक दुपार गेली, दुसरी गेली. पाच मिनिटं झोप, अर्धा तास रडणं. आईने काळा दोरा आणून तिच्या पायात बांधला.

तेवढ्यात माझा भाऊ शेतातून आला. त्याची गाडी बंद केली की पुन्हा चालू होत नाही, म्हणून त्याने ती अंगणात चालूच ठेवली आणि पाणी प्यायला आत आला. पाणी प्याला, भाकर खाल्ली, आईशी भांडला, गेला. तोवर पोरगी झोपली.

आई म्हणाली, "पाह्यलं? दोऱ्याचा गुन!"

मीही दोऱ्याला हात जोडले.

\* \* \*

घुग्घुसमध्ये कोळशाची आणि सिमेंटची धूळ. सकाळी पुसलेलं दुपारी काळं. स्पीकरच्या आत ती जाऊ नये म्हणून मी जुन्या सुती साडीच्या खोळी शिवल्या. शिवताना हाताला सवय एकच होती. वर नाडी, बाजूला झालर. दोन्ही स्पीकर मांडणीवर टोपरं घालून बसले. सासूबाईंनी येऊन प्रत्येकाला काजळाचा एकेक टिळा लावला, नजर नको म्हणून.

चाचा आले, स्टुलावर बसले, बराच वेळ बघत राहिले.

"बारसा कब हाय, बेटी?"

\* \* \*

आता खरी परीक्षा सुरू झाली. यांनी सगळं केलं, मी नाही म्हणणार नाही. मांडणी पाळण्याच्या भिंतीपासून काढून समोरच्या भिंतीला नेली. स्पीकरखाली जुन्या ट्यूबचे तुकडे कापून घातले. आवाज इतका कमी केला की गिऱ्हाईक विचारायचं, "भाऊ, काई लागून हाय का?"

पोरगी झोपेना. भजन लावलं, रडली. जुनी गाणी लावली, रडली. अंगाई लावली तर अशी ओरडली की समोरच्या पानठेल्यावरची माणसं उठून आली. सिरोंच्याचा एक ट्रकवाला पंक्चर काढायला थांबला होता. त्याने आपल्या मोबाईलवरून तेलुगू गाणं लावलं. आरोही पूर्ण गाणंभर गप्प. पण डोळे टक्क उघडे!

गजूभाऊ म्हणाले, "शब्द समजून नाई राह्यले, म्हनून ध्यान देऊन ऐकून राह्यली."

मी वहीत रोजची झोप लिहीत होते. आकडा खाली चालला होता. सातव्या दिवशी दवाखान्यात वजन केलं, जेवढं मागच्या वेळी तेवढंच. बाईंनी नुसतं कार्डावर लिहिलं. घरी आलो. यांनी माळ्यावरून खोके काढले आणि स्पीकरची टोपरी सोडली.

"उद्या दुकान उघडलं का देऊन येतो," म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले, "देऊन येतो ना."

\* \* \*

आठवा दिवस रविवार. गॅरेजला रविवारी सुट्टी. शटर अर्धं खाली, एकही गाडी नाही, गाणं नाही. चंद्रपूरचं दुकान दुपारी उघडणार होतं, खोके दाराशी तयार. आणि पोरगी सकाळपासून रडतेय. आज तर स्पीकर बंद होते!

तिला घेऊन फेऱ्या मारता मारता मी थांबले. ट्रक आठवले. भावाची गाडी आठवली.

मी यांना म्हटलं, "एक गाडी चालू करता का जी?"

"गाडी कुठी हाय आज? अन् असती तरी धूर तिच्या छातीत नाई जाईल?"

तेही खरंच. मग यांनी मोबाईल काढला. मागे चाचा महिनाभर गावाला गेले होते, तेव्हा गजूभाऊंच्या गाडीचा आवाज भरून चाचांना ऐकवायला ठेवला होता. तो पाठवायचा राहून गेला होता. यांनी खोक्यातून स्पीकर काढले, वायर जोडली, आणि लावला.

धडधड धडधड धडधड. बारीक, एकसारखी.

आरोहीने एक जांभई दिली. मूठ तोंडात घातली. झोपली. आवाज संपला की पुन्हा पहिल्यापासून लागेल असं यांनी करून ठेवलं. अर्धा तास झाला, एक तास झाला. मी नाकाजवळ बोट धरलं. उठली नाही!

तेवढ्यात शटरबाहेर काठी वाजली. चाचा रविवारीही येतात. अर्ध्या शटरखाली वाकणं त्यांच्या गुडघ्यांना जमत नाही, म्हणून बाहेरच ओट्यावर बसले. मग आवाज आला,

"परवीन, गजूची गाडी हाय ना?"

यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाळण्याकडे बघितलं.

"हो चाचा."

"टॅपेट वाजून राह्यला. गाडी थंडी झाली का पाहून घे."

"हो चाचा."

"धूर मात्र जराबी नाई. रिंगा चांगल्या हाय." मग विचारलं, "गजू कुठी हाय?"

"ड्युटीवर."

"गाडी इथी, मंग पायदळ गेला?"

मी पदर तोंडावर धरला.

"बंद कर ना बे आता. कवाची चालू हाय!"

"चाचा, पोट्टी झोपली हाय. उठली का बंद करतो."

बाहेर काठी एकदा जोरात आपटली. "मंग पोट्टी उठेपर्यंत गजूचं पेट्रोल जाळशील का?"