न चाललेल्या घळीची रेघ

याकोबमामांना कुणी रस्ता विचारला, की ते आधी स्वतःशीच पुटपुटत, "ह्या वाटंनं मी गेलोय का?" गेलेले असले तर वळणासकट सांगत, नसले तर सरळ म्हणत, "न्हाई ठावं." इतकी वर्षं दौंडात काढून मामांना निम्मं दौंड ठाऊक नाही, अशी आम्ही चेष्टा करायचो.

उमेदीत मामा घाटपायथ्याला रेल्वेमार्गाची मोजणी करणाऱ्या तुकडीत नकाशे काढत. मी शिरूरचा, रस्त्यांच्या आखणीच्या कामात. जुने नकाशे समजून घ्यायला त्यांच्याकडे जायचो. पायाखालून गेलेली घळ ते सलग रेघेनं काढत, ऐकीव असेल ती तुटक. "कागदावं चालायला पाय लागत न्हाईत, म्हनून तर मानूस चुकतो," म्हणायचे.

एकदा नव्या महामार्गासाठी मी त्यांचाच जुना नकाशा उलगडला, आणि त्यांचा चेहरा उतरला. एका सलग रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "ही मी चाललेलो न्हाई. ताप व्हता, आन् साहेबाला नकाशा तवाच पायजे व्हता. तंबूत बसून वढली. तुमचा पूल हितंच येनार, व्हय?"

"हो. पण मामा, आता उपग्रहाचे नकाशे आहेत."

"मग माझा कशाला उलगडलास?"

झाडीखालचं त्यात नीट दिसत नाही, हे मला कबूल करावं लागलं.

ऐंशी ओलांडलेले मामा हट्टानं माझ्याबरोबर आले. घळीच्या तोंडापासून जेमतेम दोनशे पावलं चालले आणि धोंड्यावर टेकले. "फुडं तू जा. पन् खरं सांग."

मी गेलो. मामांनी सरळ दाखवलेली घळ कड्याखाली चक्क डावीकडे वळली होती. माझ्या डोक्याच्याही वर, झाडांत पुराचा पाला अडकलेला. आमच्या पुलाचा खांब नेमका त्या लोंढ्यात येणार होता. परत येऊन सांगितलं.

"बरं झालं. पूल सरकव," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी कोऱ्या कागदावर दोनशे पावलांची सलग रेघ काढली आणि पेन माझ्याकडे सरकवलं. मी झपाट्यानं पुढची घळ शेंड्यापर्यंत ओढू लागलो.

"शेंड्यावर गेल्तास?"

मी वळणावरूनच परतलो होतो. मला खरोखर लाज वाटली. उरलेली रेघ तुटक काढली.

त्याच थंडीत मामा गेले. महिन्याभरानं मी एकटाच जाऊन ती घळ शेंड्यापर्यंत चाललो. घरी येऊन तुटक रेघ सलग केली. "शेंड्यावर गेल्तास?" असं विचारणारं मात्र आता कुणी नव्हतं.