अन्वरची बुडणारी जहाजं

दौंडच्या रेल्वे शेडमध्ये मी एका मोटारीचं वाइंडिंग तपासत होतो, तेव्हा शिरूरहून आलेला माणूस दारात उभा राहिला. अन्वरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाला लागूनच त्याचं सायकलचं दुकान. त्याचा चेहरा बघूनच मी हातातलं खाली ठेवलं. "बबनभाऊ, अन्वर गेला," तो म्हणाला, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "पाण्यात?" त्याला काही उमजेना. "पान्यात कशाला? कावीळ झाली व्हती न्हवं. सकाळी हातरुणातच गेला." मी तिथंच जमिनीवर बसलो. मित्र गेल्याचं दुःख मागून आलं. आधी वाटली ती सुटका... अन्वरला अखेर पाण्यानं नेलं नाही, याची. असं का वाटलं ते सांगायचं तर त्याच्या जहाजांबद्दल सांगायला हवं.

आम्ही दोघं पुण्याला आयटीआयमध्ये एका खोलीत राहायचो. तो शिरूरचा, मी भांडगावचा. वीजतंत्रीचा कोर्स संपल्यावर मी रेल्वेत लागलो, तो नौदलात गेला. सुट्टीवर यायचा तेव्हा कडक इस्त्रीचे कपडे घालून दौंडच्या फलाटावर उतरायचा आणि घरी जाण्याआधी माझ्याकडं चहा प्यायचा. मग एके वर्षी तो आला तो कायमचाच. जहाजावर अपघात झाला, खालच्या खोलीत पाणी शिरलं, दोघं गेले, एवढंच आम्हाला कळलं. जखम कुठं दिसत नव्हती. पण शिरूरची एसटी घोडनदीच्या पुलावर आली की तो डोळे गच्च मिटायचा. विहिरीच्या काठाला कधी उभा राहायचा नाही. हौदाचं झाकण कुणी उघडं ठेवलं तर उठून तिथून निघून जायचा. त्याची बायको जैतूनभाभी मला एकदा हळूच म्हणाली, "झोपेत हातानं कायतरी दाबून धरत्यात वो. घाम फुटंस्तवर. मला लई भ्याव वाटतं."

दुष्काळानंतरच्या हिवाळ्यात मी शिरूरला गेलो, तर दुकानात टेबलावर हातभर लांबीचं एक लढाऊ जहाज. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर चपडीचं रोगण लावून ताणलेला कागद, टेपरेकॉर्डरची मोटर, पुढच्या तोंडाला स्प्रिंगची नळी. नळीत सायकलच्या बेअरिंगचे छर्रे. काठावरून बिनतारी बटणानं चालवायचं. बटण एकदा दाबलं की डावीकडं, दोनदा दाबलं की उजवीकडं, धरून ठेवलं की छर्रा सुटणार. सरकारी परवाना हातात आल्याशिवाय त्यानं बटणाचा तो बिनतारी सेट चालू केला नव्हता.

"ह्ये लढायचं हाय," तो म्हणाला. "दुसरं तू कर."

"लढायचं कशाला? नुसतं फिरवू की."

"नुसतं फिरनाऱ्या जहाजाला कोन भितंय? बुडनारं पायजे, बबन्या."

मला ते बोलणं आवडलं नव्हतं. पण बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडून काहीतरी करायचं निघालं होतं, म्हणून मी हो म्हणालो. ते वर्ष सगळं शिकण्यात गेलं. माझा पहिला सांगाडा पाण्यात टाकताच एका कुशीवर पडला. खाली शिसं ओतलं तर नाकापर्यंत बुडाला. पुढं माझं बटण दाबलं की त्याचंही जहाज वळू लागलं, तेव्हा आम्ही इतके हसलो की भाभी आतून बघायला आली. पुण्याहून वेगळ्या लहरीचा क्रिस्टल आणून माझ्या सेटमध्ये बसवल्यावर दोन्ही सेट वेगळे झाले. एका गोष्टीत मात्र तो ऐकत नसे. आतल्या पोकळीत आडव्या भिंती घातल्या तर एका जागी भोक पडून पाणी सगळीकडं जाणार नाही, हे मला सुद्धा कळत होतं. मी पुठ्ठ्याची भिंत कापून बसवायला लागलो, तर त्यानं ती माझ्या हातातून घेतली आणि फाडली. "माझ्या जहाजात आडवं काय बी नको. पान्याला पंप हाय." त्या पंपावर त्यानं महिनेच्या महिने घालवले. छोटीशी मोटर, आत आलेलं पाणी नळीनं बाहेर फेकणारी. पंप चालू झाल्याचा बारीक आवाज आला की तो कान देऊन ऐकत बसायचा.

निमोण्याजवळ दुष्काळी कामावर लोकांनी खणलेला एक पाझर तलाव होता. एका रविवारी दुपारी आम्ही तिथं जहाजं घेऊन गेलो. भाभी हट्टानं बरोबर आली. वाटेत मला म्हणाली, "त्यास्नी पान्यात उतरू देऊ नका, बबनभाऊ. शब्द द्या." मी दिला. मला पोहता येत नाही, हे तिला माहीत होतं, तरी तिनं मागितला आणि मी दिला.

अन्वर काठापासून चांगला लांब, बांधाच्या दगडावर उभा राहिला. जहाजं मधोमध आली. त्याचा पहिला छर्रा माझ्या कागदाला भोक पाडून गेला, आणि तो लहान पोरासारखा ओरडला. मग मी बटण धरून ठेवलं. माझे दोन छर्रे त्याच्या पाणरेषेखाली बसले. जहाज तिरकं झालं. पंपाची धार सुरू झाली... आणि तुटली. सेल भिजले असावेत. अन्वर बटण दाबत राहिला. जहाजाचं नाक वर आलं, तरी दाबत राहिला. पाणी मिटलं, बुडबुडे आले, तरी त्याचा अंगठा बटणावरून निघेना. मी हाक मारली. त्यानं ऐकली नाही. हातातला सेट त्यानं दगडावर नीट ठेवला, आणि कपड्यांनिशी सरळ पाण्यात चालत गेला.

मुरमासाठी जिथं खोल खणलं होतं तिथं तो दिसेनासा झाला. वर आला, श्वास घेतला, पुन्हा गेला. पुन्हा वर आला, रिकाम्या हातानं, आणि आमच्याकडं न बघताच पुन्हा खाली गेला. या वेळी पाणी शांत झालं. तसं शांत पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. माझे पाय आपोआप पाण्यात गेले, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत. मागून भाभीनं माझा सदरा धरला. तिची मूठ सुटत नव्हती.

"जाऊ नका. तुमी बी जाल."

"भाभी, तो वर येत न्हाई!"

"येतील," ती म्हणाली. मग पाण्याकडं बघून मोठ्यानं, जणू त्यालाच, "येतील!"

तो आला. छातीशी जहाज धरून आला. काठावर बसून त्यानं वरचं झाकण उचकटलं, जहाज उलटं केलं, सगळं पाणी ओतून टाकलं आणि आत वाकून बघितलं. बराच वेळ बघत राहिला.

"आत कुनी न्हाई, बबन्या."

मग जहाजावरच्या अपघाताचं सगळं त्याच्या तोंडून बाहेर आलं. खालच्या खोलीत पाणी चढत होतं, वरून हुकूम आला, दार लाव. लावलं नसतं तर जहाज गेलं असतं, सगळेच गेले असते. अन्वरनं दार लावलं आणि दांडा दाबून धरला. "आतनं ठोकत व्हते. मी हात काढला न्हाई... ठोकायचं थांबलं, तवा बी काढला न्हाई." भाभी पदरानं त्याचं डोकं पुसत राहिली.

त्यानंतर तो बरा झाला, असं लिहायला मला आवडलं असतं. झोपेतलं दाबून धरणं कमी झालं, असं भाभी म्हणायची. जहाजावर बुडालेल्या त्या दोघांपैकी एकाच्या गावी तो जाऊन आला. त्याच्या आईशी काय बोलला, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या लढाया मात्र दर हिवाळ्यात झाल्या. बुडालेलं जहाज गळानं ओढून काढू, असं मी दर वेळी म्हणायचो आणि दर वेळी तोच खाली जायचा, माझं जहाज असलं तरी. पाणी मिटलं की मी काठावर आकडे मोजत उभा राहायचो. तो हसत वर यायचा, आणि पुढच्या खेपेला हा येणार नाही, अशी खात्री मी मनाशी घेऊन दौंडला परतायचो.

मागच्या आठवड्यात शिरूरला गेलो. दुकानामागच्या खोलीत त्याचं कामाचं टेबल तसंच आहे. लाकडी घोडीवर नवं जहाज अर्धवट उभं आहे, मधल्या कामट्या उघड्या, मोटर मात्र जोडलेली. सामान मी घेऊन जावं म्हणून भाभीनं बोलावलं असेल, असं समजून मी पिशव्या नेल्या होत्या. ती म्हणाली, "न्यायला न्हाई बोलावलं. ह्ये कसं चालवायचं त्ये दाखवा."

मी सेट तिच्या हातात दिला. बटण कुठलं, ते दाखवलं. तिनं अंगठा ठेवला आणि दाबलं. घोडीवरच्या जहाजाचं सुकाणू खटकन डावीकडं वळलं. भाभी दचकली, सेट हातातून सुटता सुटता राहिला. मी घ्यायला हात पुढं केला.

तिनं दिला नाही. पदरानं तळहाताचा घाम पुसला आणि पुन्हा दाबलं.