वयाचा दाखला आणि आमच्या डॉक्टरीणबाई

डॉ. सुलभाबाईंची साठी साजरी करायचं ठरलं तेव्हा समितीच्या मंडळींनी मला गाठलं. म्हणाले, "सतरा वर्षं तुम्ही बाईंच्या दवाखान्यात आहात, त्यांच्या कार्याविषयी दोन पानं लिहा." मी कंपाउंडर माणूस. बाटलीवर डोसांची पट्टी चिकटवायला सांगा, डोळे मिटून चिकटवीन. लेख म्हटला की माझी बोबडी वळते. पण एक गोष्ट अशी आहे की ती माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. ती लिहू का, असं बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही. फक्त माझं कौतुक आवर."

बाईंची पहिली भेट झाली ती चिंचोक्यामुळे. माझा धाकटा भाऊ विलास तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याने नाकात चिंचोका घातला, आणि मी त्याला पावसहून एस.टी.त घालून रत्नागिरीला आणलं. मी अठरा वर्षांचा. दवाखान्यात बायकांची ही गर्दी. बाईंनी विलासला टेबलावर बसवलं, चिमटा उचलला आणि विचारलं, "याची आई कुठे आहे?"

"नाय," मी म्हटलं.

"कामावर गेल्या आहेत का?"

"नाय म्हंजे नायच. दोन वर्सां झाली."

बाईंनी चिमट्याने अलगद चिंचोका काढला, विलासच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "पुन्हा घालायचा असेल तर आधी मला विचार." विलास इतका हसला की नाक दुखायचं विसरला. मग माझी चौकशी झाली. वडील मुंबईला गिरणीत, शिमग्याला घरी येतात. मी लोकांच्या बागेत कलमांना पाणी घालतो, सातवी झाली आहे, अक्षर बरं आहे. "अक्षर दाखव," बाई म्हणाल्या. मी दाखवलं. पुढच्या सोमवारपासून मी दवाखान्यात होतो, आणि दवाखान्यामागच्या खोलीत आम्ही दोघे भाऊ राहायला आलो.

बाईंनी केलेली बाळंतपणं, साथीच्या दिवसांत होडीतून खाडीपलीकडे जाऊन दिलेली इंजेक्शनं, हे सगळं इतरांनी लिहिलं असेलच. मी लिहिणार आहे ते दाखल्यांविषयी.

आपल्याकडे दारू प्यायला परवाना लागतो आणि परवान्याला पंचवीस वर्षं पुरी असण्याची अट असते, हे सर्वांना ठाऊक आहे. शाळा अर्धवट सोडलेली पोरं शाळेचा दाखला हरवला म्हणून सांगत आणि वयाच्या दाखल्यासाठी डॉक्टरांकडे येत. मिरजोळ्याला कारखाने आले, हातात पगार खेळू लागला, तशी ही गिऱ्हाइकं वाढली. परवाना प्रकृतीच्या रक्षणासाठी देतात, असं त्या कागदावर असायचं. बाई ते वाचून म्हणायच्या, "आधी प्रकृतीसाठी दारू आणि मग प्रकृतीसाठी मी."

गावातले काही डॉक्टर पोराची मिशी बघून वय लिहीत. बाईंची पद्धत वेगळी होती. त्या पोराला रागवत नसत, उपदेशही करत नसत. नाव लिहून घेत आणि सांगत, "उद्या आईला घेऊन या. त्या सांगतील ते वय मी लिहीन." झालं. शंभरातले नव्याण्णव परत येत नसत.

एक मात्र आला. बंदरावरचा दांडगा गडी. आईला त्याने परदेशातल्या नोकरीचं सांगून आणलं होतं. ती माउली माशांची पाटी दाराशी ठेवून आत आली आणि बाकावर पाय वर घेऊन बसली.

"मुलाचं वय काय, मावशी?"

"मोठा तुफान झाला न्हवं, आमची होडी फुटली, त्याच्या फुडल्या श्रावणात ह्यो झाला. घोवाला विचारू नुको, त्याला होडीचाच आठवता."

बाईंनी बोटांवर मोजलं. एकोणीस. मग दाखला कशासाठी हवा आहे ते त्यांनी शांतपणे सांगितलं. बाईंचं सांगणं संपेपर्यंत ती उठलीही होती. आपल्या दुप्पट वजनाच्या लेकाचा कान धरून ती त्याला पायऱ्या उतरवून घेऊन गेली. पाटी विसरली, ती मी पोचवली. त्या दिवशी मी बाईंना विचारलं, आई खोटं सांगणार नाही कशावरून? बाई म्हणाल्या, "सांगेल ना. पण आई वय कमी करून सांगते रे. वाढवून सांगणारी आई मला अजून भेटायची आहे."

विलास विसाव्या वर्षी मिरजोळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये लागला. उंच, खांदे रुंद, मिशी दाट. माझ्याशेजारी उभा राहिला तर लोक त्यालाच थोरला समजत. शिट्टी फार सुंदर वाजवायचा. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना शिट्टी वाजवत यायचा आणि पेशंट दिसले की ओठ मिटायचा. सोबतच्यांबरोबर तो गावठी घेऊ लागला होता, हे मला वासावरून कळलं. मी चिडलो, दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "दादा, पिणार तर मी हायच. त्या गावठीत काय घालतात तुला म्हायती हाय. परवाना काढून दे, म्हंजे धड तरी पिईन. मी कधी काय मागितलंय तुज्याकडं?"

खरंच काही मागितलं नव्हतं. ना नवी चप्पल, ना जत्रेला पैसे. आई गेल्यापासून या पोराने हट्ट असा केलाच नव्हता, आणि पहिला हट्ट केला तो हा.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात रांगेत बसला. बाईंनी सवयीने सुरुवात केली, "उद्या आईला..." आणि थांबल्या. चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे वळल्या. "सदा, याच्या आईच्या जागी तूच. तू सांग, याला किती वर्षं झाली?"

विलास माझ्याकडे बघत होता.

"पंचवीस पुरी," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, आणि लिहिलं. माझ्या शब्दावर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती. पाच वर्षं मी एका वाक्यात वाढवली, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला बरंच वाटलं होतं.

परवाना आला. कागद खिशात आला म्हणून गावठी सुटली असं काही झालं नाही. आधी चोरून व्हायचं ते आता उजळ माथ्याने होऊ लागलं, एवढंच. शनिवारचं आठवड्यातून तीनदा झालं, मग रोजचं. मी बोललो की तो हसून म्हणायचा, "तूच सांगितलंस ना, मी मोठा झालो." दोन वर्षांनी एका दुपारी वर्कशॉपमधल्या दोघांनी त्याला धरून आणलं. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं. कावीळ झाली होती, आणि तशातही तो पीत राहिला होता.

मी केसपेपर घेतला. नाव लिहिलं. बाई त्याचं पोट दाबून बघत होत्या, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "वय?"

औषध द्यायच्या वेळी खोटं बोलायची माझ्या जिभेला सवय नव्हती. "बावीस," मी म्हणालो.

बाईंचा हात थांबला. दोन वर्षांपूर्वी पंचवीस आणि आज बावीस. मला वाटलं, आता मला बाहेर काढतील, आणि काढलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो. त्या म्हणाल्या, "सलाईन आण. मोठी सुई घे."

पुढचे पाच आठवडे बाई रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी आमच्या खोलीत येत. घरून पेज करून आणत, स्वतः चमच्याने भरवत. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांना पत्रं लिहून विचारून घेतलं, होतं नव्हतं ते सगळं केलं. विलासला शिट्टी वाजवायला दम पुरत नव्हता. एकदा बाईंना म्हणाला, "बाई, दादाला काय बोलू नुको हां. मीच त्याच्या मागं लागलो व्हतो." बाई म्हणाल्या, "तू पेज संपव आधी." तो श्रावणात गेला. आमची आईही श्रावणातच गेली होती.

तेराव्यानंतर मी बाईंना म्हणालो, मी काम सोडतो, मला इथे उभं राहवत नाही. बाईंनी पहिल्यांदाच आवाज चढवला. "सही माझी आहे, सदा. पोर माझ्या डोळ्यांसमोर वाढलं, वय मलाही मोजता आलं असतं, पण मी तुझ्या तोंडाकडे बघून लिहिलं." त्याच दिवशी त्या परवान्याच्या कचेरीत गेल्या आणि आपण दिलेला दाखला चुकीचा होता असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं. तिथले साहेब म्हणाले, मुलगा तर गेला, आता कशाला? बाई म्हणाल्या, "माझ्याकडून नोंद राहू द्या." माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी वयाचा एकही दाखला दिला नाही.

दिल्या त्या भेटी. मिरजोळ्याच्या वर्कशॉपमध्ये, बंदरावर, एस.टी. डेपोत, जिथे विशीतली पोरं असतील तिथे बाई जेवणाच्या सुट्टीत जाऊन उभ्या राहत, आणि मी पिशवी धरून मागे. विशीत शरीर अजून भरत असतं, कायद्यातलं वय तुमच्या यकृतासाठी आणि डोक्यासाठी आहे, पोलिसांसाठी नाही, हे त्या अगदी साध्या शब्दांत सांगत. पोरं टिंगल करत, करू देत. विलासची गोष्ट त्यांनी एकदाही सांगितली नाही. परत येताना मी एकदा विचारलं, सांगत का नाही? ती सांगितली तर पोरं ऐकतील. म्हणाल्या, "ती तुझी आहे. तुला वाटेल तेव्हा तू सांग."

आज सांगितली.

विलासची मला फार आठवण येते. पाच वर्षं मागे जाऊन त्या रांगेसमोर उभं राहावं, बाईंनी विचारावं आणि मी "वीस" म्हणावं, एवढीच माझी इच्छा आहे, आणि ती पुरी होण्यातली नाही. तो चिडला असता, महिनाभर बोलला नसता. यंदाच्या श्रावणात त्याला खरोखरची पंचवीस पुरी झाली असती. मग आईच्या जागी मी पुन्हा उभा राहिलो असतो आणि बाईंनी निर्धास्त लिहिलं असतं.

बाई, तुम्हाला साठ वर्षं पुरी झाली. हे वय मी तुमच्या शाळेच्या दाखल्यावरून पडताळून घेतलं आहे. तुमची प्रकृती उत्तम राहो, गुडघे कुरकुर न करोत, आणि आमच्या पोरांना अजून खूप वर्षं तुम्ही जेवणाच्या सुट्टीत गाठून सांगत राहा. विलासच्या नावावर मी पाच वर्षं जास्तीची लिहून घेतली होती, ती त्याला जगायला मिळाली नाहीत. ती देवाने तुमच्या आयुष्यात घालावीत, असं मी रोज सकाळी दवाखान्याचं कुलूप काढताना मागतो.