बाईंच्या गाडीचे पाटे

ट्रकच्या वर्कशॉपात किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. जुन्या नट-बोल्टसारखे ते आपोआप डब्यात जमा होतात आणि एक काढायला गेलं की चार हाताला लागतात. माझ्या डब्यातले निम्मे किस्से एकाच गाडीचे आहेत. लोक ऐकून हसतात. हसा बाप्पा! माझा जीव तेव्हा कसा टांगणीला लागला होता, ते माझं मला ठाऊक.

तेव्हा गावाला चांदाच म्हणत. घुग्घुसकडच्या खाणीवरचा एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, त्याची दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार आमच्या डॉक्टरीणबाईंनी घेतली. बाई खेड्यापाड्यांत बाळंतपणाला जायच्या आणि गाडी अशी हाणायच्या की कोंबड्या झाडावर चढायच्या! एक दिवस वर्कशॉपात आल्या. म्हणाल्या, "वळणावर गाडी कलंडते, खड्ड्यात टेकते. काहीतरी करा."

माझी बायको शांता मूल गावाच्या पुढे माहेरी होती, सातवा महिना लागलेला. पहिल्या खेपेला डॉक्टर वेळेवर पोचला नाही आणि लेकरू गेलं. या खेपेला बाईंनी शब्द दिला होता, "निरोप धाड, मी येते." म्हणजे ही गाडी कलंडली तर माझं काय होणार, हे वेगळं सांगायला नको.

* * *

आमचे उस्ताद करीमभाई. सागवानाचे ट्रक दुरुस्त करण्यात हयात गेलेली. त्यांनी गाडीखाली वाकून स्प्रिंगचे पाटे, म्हणजे एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्या, मोजले.

"सहाच? ट्रकले तेरा असतेत! टाक अजून तीन."

मी म्हटलं, "उस्ताद, हे गाडी हलकी हाय."

"हलकी हाय म्हणून काय कमजोर ठेवतं का?"

टाकले तीन. बाई दहा मैल जाऊन परत आल्या. बॅगेतल्या औषधाच्या सगळ्या बाटल्या फुटलेल्या, अंगाला टिंचरचा वास.

"करीमभाई, आता यात चार टन सागवान भरून द्या, म्हणजे बरी चालेल!"

* * *

मग उलटं झालं. पाटे काढत काढत चारावर आणले. आमचा डोमा लोहार म्हणाला, "आता पाळणा झाला पाळणा!"

आमच्याकडे एक रीत होती. ज्यानं पाटे बसवले, त्यानंच ट्रायलला पहिलं बसायचं. उस्ताद बसले. बाईंनी गाडी मूल रोडला काढली. तासाभरानं बाई एकट्याच परत! मी धावत पुढे गेलो.

"उस्ताद कुठी हायेत?"

"येतायत."

उस्ताद भर उन्हात चालत आले. दोन लोटे पाणी प्यायले, टोपी झटकली.

"गाडी चांगली हाय," म्हणाले. "पण वळणावर मले जमीन कानापाशी दिसली."

* * *

बाईंकडे गाडीचं इंग्रजी पुस्तक होतं. त्यांनी वाचून सांगितलं की नुसत्या पाट्यांनी भागत नाही. पाटा गाडीला उचलतो, पण तिचं नाचणं थांबवायला चाकापाशी शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतो, तेलाची छोटी डबी. आतलं तेल जाड तर गाडी दमानं हलते, पातळ तर उड्या मारते.

उघडून पाहिलं तर चारही डब्या कोरड्या! विलायती तेल चांद्यात कुठून मिळणार? डोमानं न विचारता एरंडेल भरलं.

थंडीचे दिवस. सकाळी गाडी दगडासारखी टणक, दुपारी उन्हात वासरागत उड्या! बाई संतापल्या.

"एरंडेल मी पेशंटला देते, तुम्ही गाडीला देता?"

डोमा शांतपणे म्हणाला, "फरक तं पडला नं, बाई?"

मला मात्र हसू येईना. शांताला आठवा सरून राहिला होता.

* * *

शेवटी मी म्हटलं, अंदाजाचं काम पुरे, मोजून करू. सीटवर धानाचं पोतं ठेवायचं आणि गाडी किती बोटं दबते ते पाहायचं. डावीकडे मी मोजलं, उजवीकडे उस्तादांनी. दोन्हीकडे बरोबर चार बोटं! आम्ही खूष.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "गाडी एका अंगाला का चालते?"

पुन्हा मोजलं. पुन्हा चार बोटं. मग बाईंनी माझा पंजा उस्तादांच्या पंज्याशेजारी धरला. माझी बोटं म्हणजे शेवगा, उस्तादांची म्हणजे केळी!

बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता एकाच माणसानं ठरवा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला रात्रंदिवस तेच. कडक करू तर गाडी आदळेल, नरम करू तर कलंडेल. अखेर वळणाच्या भीतीनं मी कडकच ठेवले. सात पाटे, डब्यांत जाड मशीन ऑइल. गाडी हाडं खिळखिळी करायची, पण वळणावर सरळ राहायची. बाई पोचल्या पाहिजेत, एवढंच माझ्या डोक्यात.

* * *

होळी झाली आणि एका सकाळी मूलकडून येणाऱ्या मोटरच्या ड्रायव्हरनं निरोप आणला, शांताला कळा सुरू झाल्या. बाई म्हणाल्या, "बस." मी बॅग मांडीवर घेऊन बसलो. सगळी वळणं गाडीनं सरळ घेतली. मी देवाचं नाव घेतलं नाही, पाटेच मोजत होतो.

सासुरवाडीला पोचताच बाई आत गेल्या आणि थोड्या वेळानं गंभीर चेहऱ्यानं बाहेर आल्या.

"कळा थांबल्यात. चांद्याला न्यावं लागेल, आत्ताच."

गाडीला सीटा दोनच. शांताला उशा लावून बसवली. तिचा चेहरा पाहिला आणि माझी नजर पाट्यांकडे गेली. तीस मैलांचा फुटका रस्ता आणि हे सात पाटे, मीच टाकलेले!

"बाई, दहा मिनिटं द्या. दोन पाटे काढतो."

"दहा मिनिटं नाहीत, वासुदेव."

गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली. मी सासऱ्याची सायकल घेतली आणि रडत रडत पायडल मारत सुटलो. चार मैलांवर नाल्याचा रपटा, म्हणजे ठेंगणा फरशीपूल, होता. त्याच्या पलीकडे, मोहाच्या झाडाखाली गाडी उभी दिसली. एकदम थांबलेली.

सायकल टाकून धावलो. बाई रेडिएटरच्या डब्यातल्या पाण्यानं हात धूत होत्या. सीटवर शांता घामानं निथळलेली, छातीशी बाईंच्या बॅगेतल्या जुन्या साडीत गुंडाळलेलं लाल लाल लेकरू, आणि ते बोंबलून राहिलं होतं!

"काऊन रडता?" शांता म्हणाली. "पोरगी हाय. त्या रपट्यावर गाडी अशी आदळली नं, का थांबल्या कळा परत सुरू झाल्या!"

मी बाईंचे पायच धरले. "चुकलो, बाई! उद्याच पाटे काढतो, गाडी नरम करून देतो."

बाईंनी ओले हात पदराला पुसले.

"हात तर लावून बघ त्या पाट्यांना!"